वक्र जुळला म्हणून चित्र खरे ठरते का?

अधिशोषणाचे प्रकरण उघडले की एक चित्र हमखास भेटते. एक आडवी रेघ, तिच्यावर ओळीने बसलेले गोळे, काही गोळ्यांना वर नेणारे आणि काहींना खाली आणणारे बाण. शेजारी एक वक्र: आधी भराभर चढणारा आणि मग सपाट होत जाणारा. रेघ म्हणजे पृष्ठभाग, गोळे म्हणजे रेणू आणि वक्र म्हणजे लँगम्यूर यांचा समतापी वक्र. चित्र सोपे आहे, फळ्यावर अर्ध्या मिनिटात काढता येते आणि वायूंच्या बाबतीत ते पुष्कळसे खरेही आहे.

आमची तक्रार या चित्राविषयी नाही, त्याच्या पुढच्या प्रवासाविषयी आहे. पदवीच्या वर्गांत, चर्चासत्रांत आणि कितीतरी शोधनिबंधांतही हेच चित्र प्रथिनांसाठी वापरले जाते. गोळ्यावर 'प्रथिन' असे लिहायचे, रेघेखाली 'टायटॅनियम' असे लिहायचे, बाकी सारे तसेच ठेवायचे. मग प्रयोगाचे आकडे मांडायचे, ते वक्राशी जुळतात असे दाखवायचे, आणि वक्र जुळला म्हणजे चित्रही खरे असे सांगून मोकळे व्हायचे. या 'म्हणजे'ची आपण तपासणी करू या.

प्रथम लँगम्यूर यांना न्याय देऊ. अमेरिकेतील स्केनेक्टडी येथील जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या प्रयोगशाळेत काम करताना त्यांनी १९१८ साली काच, अभ्रक आणि प्लॅटिनम यांच्या सपाट पृष्ठभागांवर वायू कसे चिकटतात यावर निबंध लिहिला. आपण शिकवतो ते त्यातले सर्वांत साधे प्रकरण: सगळ्या जागा सारख्या, एका जागी एकच रेणू, शेजाऱ्यांचा एकमेकांशी संबंध नाही, आणि बसलेला रेणू उठूनही जाऊ शकतो. पण त्याच निबंधात जागा अनेक प्रकारच्या असल्या तर काय, एका जागी अनेक रेणू बसले तर काय, थरावर थर चढला तर काय, याही शक्यता त्यांनी मांडल्या होत्या. पाठ्यपुस्तकांनी पहिली शक्यता ठेवली आणि उरलेल्या गाळल्या. पुढे १९३०च्या दशकाच्या उत्तरार्धात तर लँगम्यूर यांनी व्हिन्सेंट शेफर यांच्याबरोबर प्रथिनांच्याच एकपदरी थरांवर काम केले. प्रथिन पृष्ठभागावर पसरते, उलगडते, हे त्यांना चांगले ठाऊक होते. तेव्हा चुकीचे खापर त्यांच्या माथी नको.

हा वाद फक्त परीक्षेच्या गुणांचा असता तर आम्ही त्यात पडलो नसतो. पण प्रथिन आणि धातूचे ऑक्साइड यांची गाठ आपल्या अगदी आसपास पडत असते. प्राथमिक आरोग्य केंद्रातली धनुर्वात-घटसर्पाची लस पाहा. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमधून येणाऱ्या अशा कुपीवरही 'ॲडसॉर्ब्ड', म्हणजे अधिशोषित, हा शब्द छापलेला असतो. निर्विष केलेले प्रथिन ॲल्युमिनियमच्या संयुगाच्या बारीक कणांवर चिकटवलेले असते. ही कुपी गोठू देत नाहीत, कारण बर्फाचे स्फटिक त्या कणांना एकमेकांवर दाबतात, त्यांच्या गुठळ्या होतात, आणि बर्फ वितळला तरी त्या सुटत नाहीत. गोठल्याचा संशय आलेली कुपी हलवून ठेवतात आणि गाळ किती लवकर खाली बसतो ते पाहतात. गर्भधारणा तपासण्याच्या पट्टीवरची लाल रेघ म्हणजे सोन्याचे अतिसूक्ष्म कण, त्यांच्यावर प्रतिद्रव्याची प्रथिने चिकटवलेली. स्वीडनमध्ये ब्रोनेमार्क यांनी १९६५ साली पहिल्या रुग्णाच्या जबड्यात टायटॅनियमची दंतमुळे बसवली, तिथूनही आपण याच प्रश्नाशी येतो.

इथे एक गोष्ट चित्रात पहिल्यापासूनच चुकते. टायटॅनियम, ॲल्युमिनियम, स्टेनलेस स्टील या धातूंचा उघडा पृष्ठभाग रक्ताला किंवा दुधाला कधी दिसतच नाही. हवा लागताच त्यांच्यावर काही नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा थर धरतो. स्टीलवर तो मुख्यतः क्रोमियमचा असतो. त्या थरावर पाणी, आणि पाण्यात प्रथिने. हाडाची पेशी तिथवर पोचते तोवर प्रथिनांचा थर बसून गेलेला असतो. 'टायटॅनियम शरीराला चालते कारण ते निष्क्रिय आहे' हे वाक्य म्हणूनच अर्धे आहे. पेशीला काय चालले, तर त्या ऑक्साइडवर ज्या स्थितीत प्रथिने बसली ती स्थिती. सोने तेवढे या बाबतीत अपवाद: त्याच्यावर ऑक्साइड धरत नाही आणि गंधक असलेल्या गटांशी त्याचे सख्य आहे.

आता गोळ्याकडे वळू. रक्तद्रवातले सर्वांत विपुल प्रथिन अल्ब्युमिन. त्याचा रेणुभार सुमारे ६६,५००, आणि आकार गोळ्यापेक्षा जाड पानासारखा: दोन बाजू सुमारे ८ नॅनोमीटर, जाडी सुमारे ३. हा रेणू आडवा पडला तर ६४ चौरस नॅनोमीटर जागा घेईल, कडेवर उभा राहिला तर २४. विद्यार्थ्यांना गणित करायला द्या. आडव्या रेणूंनी एक चौरस मीटर पृष्ठभाग गच्च भरला तर त्यांचे वजन सुमारे १.७ मिलिग्रॅम होते. उभ्या रेणूंनी भरला तर सुमारे ४.६ मिलिग्रॅम, आणि रेणू पसरून १०० चौरस नॅनोमीटर व्यापू लागला तर जेमतेम १.१. तेव्हा एखाद्या प्रयोगात दर चौरस मीटरला २ मिलिग्रॅम प्रथिन मिळाले, तर त्यावरून काय समजायचे? आडव्या रेणूंचा भरगच्च थर आणि वर थोडे जास्तीचे? की उभ्या रेणूंचा विरळ थर? की अर्धे पसरलेले, अर्धे न पसरलेले? चित्रातला गोळा सगळ्या बाजूंनी सारखाच असल्याने हा प्रश्न मुळी उभाच राहत नाही.

'एक रेणू, एक जागा' याचेही तसेच. टायटॅनियमच्या ऑक्साइडवर दर चौरस नॅनोमीटरला ऑक्सिजन-हायड्रोजनचे पाचेक गट धरले, तर आडव्या अल्ब्युमिनखाली तीनशेच्या वर गट येतात. त्यांतल्या कितींशी त्याने हात मिळवला, हे वेळेनुसार बदलते. लायसोझाइमसारखी लहान, घट्ट विणीची प्रथिने आपला आकार बऱ्यापैकी टिकवून धरतात, तर अल्ब्युमिनसारखी मऊ प्रथिने हळूहळू सैलावतात. मुंबईच्या लोकलमध्ये चौथ्या सीटवर टेकलेला माणूस दोन स्टेशनांत कसा व्यवस्थित बसलेला असतो, तसे काहीसे. (उपमा इथेच सोडलेली बरी, प्रथिनाला हेतू नसतो.)

सर्वांत मोठा घोटाळा मात्र वर जाणाऱ्या बाणात आहे. लँगम्यूर यांचे समीकरण येते ते समतोलातून: जितके रेणू बसतात तितकेच उठतात. महाविद्यालयात सक्रिय कोळशावर ॲसिटिक आम्लाचा प्रयोग करतात, तिथे द्रावण पातळ केले की काही आम्ल परत द्रावणात येते. प्रथिन चिकटलेला ऑक्साइडचा पृष्ठभाग स्वच्छ द्रावणाने धुऊन पाहिला तर बहुधा फारच थोडे प्रथिन सुटते. ज्या समतोलावर समीकरण उभे आहे तो समतोलच तिथे नाही.

मग वक्र सपाट का होतो? त्यासाठी समतोलाची गरजच नाही. कॅरमच्या सोंगट्या डोळे मिटून एका कागदावर टाका. सोंगटी आधीच्या सोंगटीवर पडली तर उचलून घ्या. मोकळ्या जागी पडली तर तिथेच राहू द्या आणि पुन्हा हलवू नका. सुरुवातीला जवळपास प्रत्येक सोंगटी बसते, मग बसणे अवघड होते आणि शेवटी थांबते. कागद पुरेसा मोठा असेल तर ही भरती सुमारे ५४.७ टक्क्यांवर अडते, असे संगणकावरील गणिताने दाखवले आहे. उरलेली जागा रिकामी असते, पण एका अख्ख्या सोंगटीपुरती सलग कुठेच नसते. येन्स फेडर आणि इव्हार येव्हर यांनी १९८० साली फेरिटिन या प्रथिनासाठी हाच विचार मांडला. यातले येव्हर म्हणजे १९७३चे भौतिकीचे नोबेल मिळालेले, आणि गंमत अशी की तेही स्केनेक्टडीच्या त्याच प्रयोगशाळेतले. कुणीही न उठता वक्र चढतो आणि सपाट होतो. म्हणजे सपाट होणे हा लँगम्यूर यांच्या चित्राचा पुरावा नव्हे. जागा संपत आली, एवढेच ते सांगते.

यावर कुणी म्हणेल, नुसता आकार नव्हे, आकडेच सरळ रेषेत येतात त्याचे काय? इथे आम्हाला जरा सविस्तर बोलायचे आहे, कारण ही चूक आपण वर्गात स्वतःच शिकवतो. सरळ रेषा मिळवण्यासाठी आडव्या अक्षावर द्रावणाची संहती घेतात आणि उभ्या अक्षावर संहती भागिले चिकटलेली मात्रा. संहती दोन्ही अक्षांवर आली! आता संहती १, २, ३, ४, ५ घ्या आणि चिकटलेल्या मात्रेसाठी मनाला येतील ते आकडे लिहा, समजा १.८, २.२, १.९, २.१, २.०. या दोहोंत संबंध म्हणावा असा काही नाही. सहसंबंध गुणांक फक्त ०.३ येतो. पण भागाकार करा: ०.५६, ०.९१, १.५८, १.९०, २.५०. हे बिंदू आलेखावर मांडले तर जवळजवळ सरळ रेषेत येतात आणि सहसंबंध गुणांक ०.९९५ होतो. कशाचाही प्रयोग न करता आपण लँगम्यूर यांचा नियम 'सिद्ध' केला. या रेषेच्या चढावरून आणि छेदावरून पुढे स्थिरांक काढायचा, त्या स्थिरांकावरून मुक्त ऊर्जा काढायची, आणि ती दशांश चिन्हापुढे दोन अंकांपर्यंत छापायची, हे सर्रास चालते. अधिशोषणावर प्रात्यक्षिक घेणाऱ्या शिक्षकांनी वरचे पाच आकडे एकदा तरी मुलांकडून मांडून घ्यावेत.

एनसीईआरटीने २०२२च्या कपातीत बारावीच्या पुस्तकातून पृष्ठ रसायनाचे अख्खे प्रकरणच वगळले. हा काही आमच्या टीकेवरचा उपाय नव्हे. चुकीचे चित्र काढून टाकणे आणि विषय काढून टाकणे यांत फरक आहे.

त्या प्रकरणातले आणखी एक वाक्य आपल्याला पाठ असते: अधिशोषण ही नेहमी उष्मादायी क्रिया असते, कारण चिकटल्याने रेणूचे स्वातंत्र्य, म्हणजे एन्ट्रॉपी, कमी होते. वायूसाठी ठीक. प्रथिन मात्र पाण्यातून येते, आणि पृष्ठभागही पाण्याने भिजलेला असतो. दोघे भेटतात तेव्हा मधले पाणी आणि आयन मोकळे होतात. मऊ प्रथिनाची वीण सैल झाली तर तेही स्वातंत्र्यच. एका रेणूचे गेले, पण पुष्कळांना मिळाले. हॉलंडमधील वाखेनिंगेनचे नॉर्डे आणि लिक्लेमा यांनी १९७०च्या दशकात उष्णतामापनाने दाखवले की काही परिस्थितींत प्रथिन उष्णता घेऊन चिकटते. त्यांचे मणी पॉलिस्टायरीनचे होते, धातूच्या ऑक्साइडचे नव्हते, हे सांगायला हवे. पण 'नेहमी' हा शब्द मोडायला एक उदाहरण पुरते.

विद्युतभाराच्या बाबतीतही अशीच गफलत होते. विरुद्ध भार जवळ येतात, हा नियम लशीच्या कुपीत छान चालतो: ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडचे कण सामान्य सामूवर धनभारित असतात आणि ऋणभारित अल्ब्युमिन धरतात, ॲल्युमिनियम फॉस्फेटचे कण ऋणभारित असतात आणि अंड्यातले धनभारित लायसोझाइम धरतात. पण टायटॅनियमचे ऑक्साइड रक्ताच्या सामूवर ऋणभारित असते, अल्ब्युमिनही ऋणभारित, आणि तरीही अल्ब्युमिन त्यावर बसते. थोडे कमी बसते, पण बसते. कारण वरच्याच परिच्छेदात आहे: मोकळे झालेले पाणी आणि सैलावलेली वीण.

इथवर आपण एकाच प्रथिनाबद्दल बोललो. रक्तात ती शेकडो असतात, आणि तिथे चित्र पार कोलमडते. हे ज्यांनी दाखवले ते लिओ व्रोमन जन्माने डच, गौडा गावचे. मे १९४० मध्ये जर्मन सैन्य शिरताच ते बोटीने इंग्लंडला निसटले, पुढे डच ईस्ट इंडीजमध्ये गेले, जपान्यांचे युद्धकैदी झाले, आणि युद्धानंतर अमेरिकेत जाऊन रक्तावर संशोधन करू लागले. डच वाचक त्यांना कवी म्हणूनच ओळखतात. १९६४ साली त्यांना तिकडचा मानाचा पी. सी. हूफ्ट पुरस्कार मिळाला.

व्रोमन आणि त्यांच्या सहकारी ॲन ॲडम्स यांनी ऑक्साइड चढवलेले धातूचे आणि सिलिकॉनचे गुळगुळीत पृष्ठभाग घेतले. ऑक्साइडच्या पातळ थरावर तेलाच्या तवंगासारखे रंग दिसतात, आणि वर प्रथिनाचा थर बसला की त्यावरून परतणारा प्रकाश बदलतो. त्यावरून थराची जाडी मोजता येते. त्यांनी पृष्ठभागाला रक्तद्रव काही सेकंदच लावून धुतला, आणि मग फायब्रिनोजेन ओळखणारे प्रतिद्रव्य लावले. थर जाड झाला. अर्थात फायब्रिनोजेन तिथे होते. दुसऱ्या वेळी रक्तद्रव काही मिनिटे राहू दिला. आता तेच प्रतिद्रव्य चिकटेना. फायब्रिनोजेन गेले कुठे? की तिथेच राहून ओळख न पटण्याइतके बदलले?

१९६९ सालच्या त्यांच्या निबंधांत हे बदल नोंदलेले आहेत, पण उत्तराला १९८० साल उजाडले. ते मिळाले एका दुर्मिळ रक्तद्रवामुळे. काही थोड्या माणसांच्या रक्तात उच्च रेणुभाराचे किनिनोजेन हे प्रथिन जन्मतःच नसते. अशा रक्तद्रवात फायब्रिनोजेन पृष्ठभागावर बसले ते बसूनच राहिले. म्हणजे नेहमीच्या रक्तात त्याला किनिनोजेन बाजूला सारते. एकूण क्रम असा की आधी येते अल्ब्युमिन, कारण ते विपुल आणि लहान. मग प्रतिद्रव्याची प्रथिने, मग फायब्रिनोजेन, आणि शेवटी किनिनोजेन, जे रक्तात अल्ब्युमिनच्या मानाने अगदी नगण्य असते. या अदलाबदलीला आता व्रोमन परिणाम म्हणतात.

मघाशी आपण म्हणालो, धुतले तर प्रथिन सुटत नाही. मग दुसऱ्या प्रथिनाला ते जागा कशी देते? पाण्याने सुटायचे तर शेकडो ठिकाणची पकड एकाच क्षणी सुटावी लागते, आणि तसे घडत नाही. पण दुसरे प्रथिन शेजारी आले की पहिल्याची एक पकड सुटताच ती जागा ते घेते, मग दुसरी, मग तिसरी. पृष्ठभाग क्षणभरही उघडा पडत नाही. वर आणि खाली जाणाऱ्या दोन बाणांनी हे दाखवता येत नाही. ही क्रिया स्थिर समतोलाची नाही आणि कायमच्या चिकटण्याचीही नाही. पृष्ठभागाला आधी काय काय लागले यावर तिचे आजचे रूप ठरते. २००७ साली सूक्ष्मकणांवरच्या प्रथिनांच्या आवरणाला 'प्रथिनांचे कडे' असे नाव मिळाले आणि तो नवा विषय म्हणून गाजला. त्यात पूर्वीच्या थराची हीच अदलाबदल पुन्हा भेटते.

फळ्यावर चित्र काढायचेच असेल तर आमची सूचना आहे की दोन काढावीत: एक पहिल्या काही सेकंदांनंतरचे, दुसरे दहा मिनिटांनंतरचे. रेघेऐवजी दुहेरी रेघ, वरचा पट्टा ऑक्साइडचा. गोळ्यांऐवजी वेगवेगळ्या आकाराची पाने, काही आडवी, काही कडेवर, काही सैलावलेली. दुसऱ्या चित्रात काही पाने बदललेली. वर जाणारा बाण काढण्याआधी मुलांना विचारावे: धुऊन पाहिले का?

असे चित्र व्रोमन यांनी निसर्गाकडूनच काढून घेतले होते. सपाट काचपट्टीवर बहिर्वक्र भिंग ठेवायचे, न्यूटनच्या कड्यांच्या प्रयोगात ठेवतो तसेच, आणि मधल्या फटीत रक्तद्रव सोडायचा. मध्यभागी फट इतकी चिंचोळी की तिथल्या थेंबभर द्रवात किनिनोजेन जवळजवळ नसतेच. कडेला फट रुंद, तिथे ते पुरेसे असते. थोड्या वेळाने पट्टी धुऊन वेगवेगळी प्रतिद्रव्ये लावली आणि रंगवले. फायब्रिनोजेन कडेच्या भागात नव्हते, ते आतल्या भागात गोल कड्यासारखे उरले होते. आणि त्याच्याही आत, जिथे फायब्रिनोजेनही पुरेसे पोचले नव्हते, तिथे अल्ब्युमिन.